बॉल पायथनसाठी उंदीर घरीच मारावे लागतायत, त्यांना कमीत कमी त्रास कसा होईल?

मालवणी_माय:

नमस्कार मंडळी, विषय कठीण आहे, ज्यांना वाचवणार नाही त्यांनी कृपया इथेच थांबा. मी डॅलसजवळ राहते. मुलाने हायस्कूलला असताना बॉल पायथन आणला, आता तो कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेलाय आणि हॉस्टेलवर साप चालत नाही, म्हणून गेलं दीड वर्ष ती माझ्याकडे आहे. मादी आहे, 1400 ग्रॅम, नाव अबोली. आधी मी खोलीत पण जायचे नाही, आता रोज सकाळी चहा घेऊन तिच्या टाकीसमोर बसते. सवय लागली, जीव लागला.

मुलगा तिला जिवंत उंदीर द्यायचा, मीही तेच करत होते. एकदा उंदीर टाकला आणि फोन आला म्हणून दुसऱ्या खोलीत गेले, तिला त्या दिवशी भूक नसावी, अर्ध्या तासाने येऊन बघते तर उंदराने तिची पाठ कुरतडलेली, खवले निघून मांस दिसत होतं आणि ती तशीच गुंडाळी करून पडलेली. महिनाभर मलम लावत होते. तेव्हापासून ठरवलं की जिवंत उंदीर टाकीत घालायचा नाही, मेलेलाच द्यायचा.

फ्रोजन उंदीर तिने तीनदा नाकारला. दुकानात जिवंतच मिळतात, आणि तिथल्या मुलाला मारून दे म्हटलं तर त्याने शेपटी धरून टेबलाच्या कडेवर आपटला, एकदा नाही, तीन वेळा. मी परत गेले नाही. मग घरीच एक नर आणि तीन माद्या ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं की 21-22 दिवसांत पिल्लं होतात आणि एकेका वेळी दहा-बारा, आत्ता माझ्याकडे छोटी मोठी मिळून चाळीसच्या वर आहेत.

आता खरं सांगायचं ते. मागच्या शनिवारी व्हिडिओ बघून बेकिंग सोडा आणि व्हिनेगरने गॅस तयार करून तीन उंदीर मारले. व्हिडिओत म्हणतात झोपी जातात. झोपी बिपी काही गेले नाहीत, कोपऱ्यात एकमेकांवर चढून नाक वर करून तोंड उघडून श्वास घेत होते, पंजाने तोंड पुसत होते, मी अजून व्हिनेगर ओतलं, अजून सोडा टाकला, किती वेळ गेला ते माहीत नाही. शेवटी हलेनासे झाले म्हणून बाहेर काढून पेपर टॉवेलवर ठेवले तर त्यातल्या एकाने श्वास घेतला. माझ्या हातात. तो परत डब्यात घालावा लागला.

मी मालवणची, आयुष्यभर मासे साफ केले, आई कुर्ल्या जिवंत असतानाच नांग्या मोडायची आणि मीही तेच करत आले, कधी विचार नाही केला. पण त्या शनिवारनंतर जेवण जाईना. मारायचं नाही असा पर्याय माझ्याकडे नाही, साप भाजी खात नाही. पण नीट कसं मारायचं हे कुणी माहीत असलेल्याने सांगा. अंदाजाने नको.

उंडगा77:

ताई मोठ्यांचं माहीत नाही पण एकदम लहान गुलाबी पिल्लं, ज्यांना पिंकी म्हणतात, ती सरळ डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची, थंडीने गुंगी येते आणि झोपेत जातात. माझ्या रूममेटकडे कॉर्न स्नेक होता तो असंच करायचा. ओरडत पण नाहीत.

व्हेट_मावशी:

उंडगा, तुमच्या मनात वाईट नाही हे कळतंय पण हे कृपया कुणी करू नका, म्हणून सगळ्यात आधी याचंच उत्तर देते. नवजात उंदराच्या पिल्लाला अंगावर केस नसतात, स्वतःचं तापमान राखता येत नाही, म्हणूनच त्यांचं शरीर थंडीत आणि कमी ऑक्सिजनमध्ये तगून राहायला बनलेलं असतं. गार पडलेलं, मेल्यासारखं दिसणारं पिल्लू उबेत आणलं की परत हलायला लागतं. म्हणजे फ्रीझरमध्ये मरण लवकर येत नाही. आणि ओरडत नाहीत म्हणजे दुखत नाही असंही नाही, उंदीर भीती आणि वेदनेचे बरेचसे आवाज इतक्या वरच्या पट्टीत काढतात की ते आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत, मोठ्या उंदराची भीतीची हाक साधारण 22 किलोहर्ट्झची, आपला कान 20 च्या वर जात नाही. शांतता हा पुरावा धरू नका.

आता माय, तुमच्याकडे येते. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, गेली चौदा वर्षं इथे एका विद्यापीठाच्या प्राणीविभागात काम करते, उंदीर हेच माझं रोजचं काम. तुम्ही जे पाहिलंत त्याला कारण आहे, आणि ते तुमच्या हाताची चूक नव्हती, पद्धतच चुकीची आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की पहिल्यांदा भसकन गॅस येतो आणि मग मंदावतो, किती येतोय हे ना तुम्हाला कळतं ना आवरता येतं. कार्बन डायऑक्साइड नाकाच्या ओलाव्यात विरघळला की त्याचं आम्ल बनतं, ते झोंबतं, शिवाय गुदमरल्याची भावना सगळ्यात जास्त याच वायूने येते. म्हणजे वायू दुखवेल इतका आणि शुद्ध हरपेल त्यापेक्षा कमी, अशा मधल्या पातळीवर तुमचे उंदीर अडकून पडले. तोंड पुसणं, नाक वर करणं हे तेच. ड्राय आइसचं, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, पण हेच, वर त्याच्या गारव्याने अंग भाजतं ते वेगळं.

एव्हीएमए म्हणजे अमेरिकेतल्या पशुवैद्यांची संघटना, त्यांची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात उंदरांसाठी हाच वायू सशर्त मान्य आहे, पण सिलिंडरमधूनच, आणि प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर आणि प्रवाह मोजणारा फ्लो मीटर लावून. मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के गॅस आत जायला हवा. 2013 च्या आवृत्तीत 10 ते 30 होतं, ते वाढवलं. पेटी 20 लिटरची असेल तर मिनिटाला 6 ते 14 लिटर. यापेक्षा हळू सोडला तर शुद्धीत असतानाचा त्रास लांबतो, आणि पेटी आधीच गॅसने भरून त्यात जिवंत उंदीर सोडला तर नाकाडोळ्यात एकदम जळजळ होते, म्हणून भरलेल्या पेटीत टाकणं अमान्य आहे. ही गोष्ट घरी करणारे विसरतात, कारण हा वायू हवेपेक्षा जड, पहिली खेप काढल्यावर तळाशी साचून राहतो, दुसऱ्या खेपेच्या उंदरांसाठी ती भरलेली पेटीच झाली. प्रत्येक खेपेनंतर पेटी उलटी करून रिकामी करा, धुवा, आधीच्यांचा वास पण राहता कामा नये.

शक्य असेल तर उंदीर ज्या टबमध्ये राहतात त्याच टबवर झाकण लावून त्यातच गॅस सोडा, उचलून नव्या जागी नेलं की तिथूनच भीती सुरू होते. अनोळखी उंदीर एकत्र घालू नका, गर्दी करू नका. श्वास थांबला असं वाटलं तरी निदान एक मिनिट गॅस चालू ठेवायचा, मी तर त्यानंतर पेटी बंद ठेवून आणखी पंधरा मिनिटं हात लावत नाही. मग एकेक बघायचा, छातीला बोटं लावून ठोका, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श केला तर पापणी हलते का. आणि एवढं करून सुद्धा दुसरी खात्री करायचीच, म्हणजे मान निखळवणं. आधीच निश्चल पडलेल्या जिवावर ते करताना त्याला काही कळत नाही, आणि तुमच्या टॉवेलवर झालं तसं परत कधी होत नाही.

शुद्धीत असलेल्याची मान निखळवणं हे 200 ग्रॅमच्या आतल्या उंदरांना सशर्त मान्य आहे, सराव असलेल्या हाताने ते क्षणात होतं, पण तो सराव कुणी समोर बसून शिकवल्याशिवाय येत नाही, आम्ही आधी मेलेल्यांवर शिकतो. व्हिडिओ बघून करू नका.

दहा दिवसांच्या आतल्या पिल्लांना हा गॅस लवकर लागतच नाही, 50 मिनिटांपर्यंत ठेवावं लागू शकतं. मोठ्यांबरोबर पिल्लं घातली आणि मोठ्यांच्या हिशोबाने बाहेर काढली तर ती जिवंत असणार. तुमच्या 1400 ग्रॅमच्या अबोलीला पिंकीचा काही उपयोगही नाही.

व्हेटकडे नेऊन इंजेक्शन द्यायचा विचार मनात आला असेल तर, पेंटोबार्बिटल दिलेला उंदीर सापाला चुकूनही देऊ नका, ते औषध सापाच्या पोटात जातं.

आणि माणसांची काळजी. गॅरेजचं दार उघडं ठेवून, सिलिंडर उभा बांधून, एकट्याने नाही. बंद बाथरूममध्ये हे केलं तर तुम्हीच चक्कर येऊन पडाल.

शेवटचं, माझं प्रामाणिक मत. हे सगळं नीट केलं तरी सीओटू, म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड, त्रासमुक्त नाहीये, उंदरांना तो आवडत नाही, शुद्ध जायच्या आधीचे काही क्षण वाईटच असतात, आमच्याकडे म्हणूनच पुष्कळ ठिकाणी आधी भूल देतात, पण ती औषधं तुम्हाला घरी मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. म्हणून फ्रोजनकडे परत एकदा जाऊन बघा असंच सांगेन.

सातारकर_आप्पा:

सगळं वाचलं. मी हे करणार नाही आणि मला हे पटत पण नाही. काचेच्या पेटीतल्या एका जिवासाठी दर पंधरा दिवसांनी दुसरा जीव, तो पण आपण पैदा करून. शेतात धामण उंदीर खाते तेव्हा तो तिचा आणि त्याचा प्रश्न असतो, त्याला पळायला जागा असते. घरात आणून दोघांनाही कोंडायचं आणि मग दया कशी करायची ते विचारायचं, हे मला मुळातच चुकलेलं वाटतं. राग मानू नका ताई, तुम्ही मुलाचा साप सांभाळताय हे कळतंय, मी सापाला दोष देत नाहीये, साप पाळायच्या हौसेला देतोय.

सरपटणारे_सगळे:

आप्पा, तुमचं म्हणणं मी साप घ्यायच्या आधी कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, विकणारा कुणी सांगत नाही की हा प्राणी 20-30 वर्षं जगतो. सेंट लुईसच्या झूमध्ये तर एक बॉल पायथन साठी ओलांडलेली होती आणि 2020 मध्ये तिने अंडी घातली. पण अबोली आता आहे. तिला बाहेर सोडता येत नाही, फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या बर्मीज अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले प्राणी खाऊन किती कमी केलेत ते सगळ्यांना माहीत आहे. मग राहिलं काय, जेवढे जीव जाणार ते कमी आणि नीट जावेत.

माय, तीनदा नाकारलं म्हणजे काहीच नाही हो. माझ्या नराने पाच महिने तोंड लावलं नव्हतं, हिवाळ्यात बॉल पायथन असे उपास धरतातच, वजन बघत राहायचं, दहावा हिस्सा घटला तर काळजी करायची. तुम्ही फ्रोजन कसा देत होता ते लिहिलं नाहीये पण बहुतेकांचं चुकतं ते उष्णतेत. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खड्डे असतात ना, त्याने त्याला उष्णता दिसते, गार किंवा कोमट उंदीर त्याच्यासाठी उंदीरच नाही. मी काय करतो, आदल्या रात्री पिशवीसकट फ्रीजमध्ये उतरवून ठेवतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीतच गरम पाण्यात बुडवतो, उकळतं नाही, हाताला चांगलं गरम लागेल इतपत, पोटाला दाबून बघतो आत गोळा राहिला नाही ना, आणि द्यायच्या आधी फक्त डोकं अजून थोडं गरम करतो. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आतून शिजतो आणि फुटतो. मग खोलीत अंधार, लांब चिमट्यात मानेमागे धरून हळूहळू हलवत तिच्या बिळाच्या तोंडाशी न्यायचा. घेतला नाही तर तिथेच ठेवून दार लावून झोपायला जायचं, सकाळी बघायचं. त्याआधी चार दिवस तिला हात लावायचा नाही. वितळवलेला परत गोठवायचा नाही, टाकून द्यायचा.

आणि एकदम जिवंतावरून फ्रोजनवर उडी मारू नका. तुमच्याकडे आत्ता जे आहेत त्यांचा इथेच उपयोग आहे, व्हेट मावशींनी सांगितलं तसं मारलेला ताजा, ऊब असलेला उंदीर आधी द्या, दोनतीनदा तो घेतला की मग तुमचाच गोठवलेला द्या, त्याला तुमच्या उंदरांचा ओळखीचा वास असतो. मग बाहेरचा. माझा नर असाच वळला.

मापाचं पण बघा, सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका जाड, त्याहून मोठा नको. अबोलीला 80-100 ग्रॅमचा दोनतीन आठवड्यांनी पुरतो. म्हणजे वर्षाला वीसबावीस उंदीर. चाळीस उंदीर म्हणजे दोन वर्षांची बेगमी झाली, पैदास आजच बंद करा, नर वेगळा काढा.

पुणेरी_कॉर्नस्नेक:

भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहितो कारण इथे असे धागे वाचून मुलं साप आणायला निघतात. आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो, अजगर असो, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी, सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये येतो, 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. बिनकागदाचा कुणी देत असेल तर घेऊ नका.

दुसरं, घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापाला घालू नका. फुकट मिळाला म्हणून लोक घालतात. आपल्या सोसायट्यांमध्ये ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या सगळीकडे ठेवलेल्या असतात, त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीनचार दिवस हिंडतो, तो सापाने खाल्ला की विष पुढे जातं.

आणि फ्रोजन उंदीर जेवणाच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही. अमेरिकेत अशा फ्रोजन उंदरांमधून माणसांना लागण झालेली आहे. पाच वर्षांखालच्या पोरांना हात लावू देऊ नका, आणि ते गरम पाण्याचं भांडं स्वयंपाकाचं नको.

मालवणी_माय:

सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पा, राग नाही आला. तुम्ही म्हणता ते मी मुलाला फोनवर वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पुढचा साप नको.

सरपटणारे, बरोबर ओळखलंत, मी फ्रोजन उंदीर नळाच्या कोमट पाण्यात ठेवून दुपारी उजेडात देत होते.

आज नर वेगळा केला. आठ माद्या एका शेजारणीच्या मुलीने पाळायला नेल्या. व्हेट मावशी, एक विचारते, मुलाच्या जुन्या फिश टँकचा सीओटूचा रेग्युलेटर घरात पडलाय, तो चालेल का? त्याला थेंब मोजायची नळी आहे.

व्हेट_मावशी:

नाही चालणार. तो पाण्यातल्या झाडांसाठी थेंबाथेंबाने सोडतो, 20 लिटरची पेटी भरायला तासन्तास लागतील आणि परत तोच शनिवार होईल. वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे फ्लो मीटरवाला रेग्युलेटर बघा, सीओटूच्या सिलिंडरला सीजीए 320 या मापाचं फिटिंग लागतं, आर्गनचं 580 असतं ते बसत नाही. त्यावरचे आकडे बहुधा ताशी घनफुटात असतात, काटा 30 वर म्हणजे मिनिटाला साधारण 14 लिटर, 15 वर म्हणजे 7. तुमची पेटी 20 लिटरची धरली तर काटा 20-25 च्या मध्ये ठेवा. सिलिंडर बिअर बनवणाऱ्यांच्या दुकानात पाच पौंडांचा भाड्याने मिळतो. आधी रिकाम्या पेटीवर चालवून बघा, झाकणाला वरच्या बाजूला छोटं भोक हवं म्हणजे हवा बाहेर जाईल. आणि पहिल्या वेळी एकच उंदीर, जास्त नाही.

मालवणी_माय:

चार आठवड्यांनी लिहितेय. रेग्युलेटर आणला, नवरा गॅरेजमध्ये सोबत उभा राहिला. त्यांचाच टब, त्यांचंच गवत, 22 वर काटा. एक मिनिटभर तो हुंगत फिरला, मग पाय डगमगले, मग कलंडला. तोंड पुसलं एकदा, ते मी पाहिलं, ते विसरणार नाही. पण त्या शनिवारसारखं नव्हतं. मावशींनी सांगितलं तसं पंधरा मिनिटं थांबले, ठोका बघितला, बुबुळ बघितलं, मान नवऱ्याने केली, माझ्याने नाही झालं.

अबोलीने तो पहिल्याच रात्री घेतला. पुढचा गोठवून, डोकं गरम करून, अंधारात दिला, सकाळी उठून बघितलं तर चिमटा पडलेला आणि उंदीर नव्हता. उरलेल्यांचं असं ठरवलंय की सगळे एकदम मारायचे नाहीत, लागतील तसे, तोवर मोठ्या पिंजऱ्यात दाणापाणी घालून ठेवतेय. काल मुलाने विचारलं तुला त्यांची नावं ठेवावीशी वाटतात का. नाही ठेवलेली.